ॲडजस्ट आणि मॅनेज : नांदेड-लातूर प्रांती रूढ दोन इंग्रजी क्रियापदांची सांगोपांग मीमांसा

१. प्रयोजन

ग्रंथारंभी प्रयोजन सांगावे असा शास्त्राचा दंडक आहे, म्हणून सांगतो. पाणिनीच्या धातुपाठात दोन हजारांच्या आसपास धातू आहेत. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून मराठी क्रियापदाची हाडे न् हाडे मोजली. एवढे थोर लोक होऊन गेले, पण ज्या दोन धातूंवाचून आज नांदेडची बस लातूरला पोहोचत नाही, सोयरीक जुळत नाही आणि गावच्या सोसायटीची निवडणूक पार पडत नाही, त्यांच्याकडे एकानेही ढुंकून पाहिले नाही. पाणिनीला माफ करता येईल, त्याला एसटीने जावे लागत नव्हते. बाकीच्यांचे काय?

हे दोन धातू म्हणजे ‘ॲडजस्ट’ आणि ‘मॅनेज’. दोन्ही जन्माने इंग्रज. दोन्ही आता इकडचे कायमचे रहिवासी. रेशनकार्डावर नाव लागायचेच काय ते बाकी. वरवर पाहता दोन्हींचा अर्थ एकच वाटतो : अडलेले काम पुढे सरकवणे. पण जो माणूस या दोहोंत गल्लत करतो त्याची फजिती ठरलेली. वधूपित्याने ‘आम्ही ॲडजस्ट करू’ म्हणणे आणि ‘आम्ही मॅनेज करू’ म्हणणे यांत किमान दोन तोळ्यांचा फरक आहे. तो नेमका कुठे पडतो, हे दाखवणे एवढाच या प्रबंधाचा हेतू.

अभ्यासाचे क्षेत्र नांदेड ते लातूर, वाटेत लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. साधने म्हणाल तर एसटीतले तीनजणांचे बाकडे, अडत दुकानातली गादी, सोयरिकीची बैठक, चहाची टपरी आणि दोन कान.

२. व्युत्पत्ती

‘मॅनेज’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात इटालियनमधून आला. त्याचे पहिले काम घोडा वठणीवर आणणे. त्याच्याही मुळाशी गेले तर लॅटिनमधला ‘मानुस’ म्हणजे हात सापडतो. हाताने आवरणे, लगाम खेचणे, घोड्याला वाटावे की आपण मर्जीने वळलो, पण वळवणारा हात मात्र वर बसलेल्याचा, असा हा मूळ अर्थ.

येथे आमच्या प्रांताचा या शब्दावरचा हक्क आपोआप शाबीत होतो. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार लांबलांब प्रसिद्ध आहे. आता जनावरांच्या बाजारातला जुना रिवाज आठवा. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटे दाबून भाव ठरवतात. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा, रुमालाखाली हजारांची बोली. जनावराचा मालक समोर उभा असतो आणि त्याला रुमालच दिसतो. इटलीच्या लोकांनी घोडा आणि हात या दोन गोष्टी एका शब्दात आणल्या, रुमाल आमचा. आज ‘मॅनेज’चा जो अर्थ इकडे चालतो त्यात घोड्यापेक्षा आणि हातापेक्षा या रुमालाचा वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठीत ‘हाताशी धरणे’ हा वाक्प्रचार आधीच असल्याने लॅटिनचा हात इथे परका वाटला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

‘ॲडजस्ट’ची कुळकथा आणखी बोलकी. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द आला आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘युक्स्ता’ म्हणजे ‘जवळ’ हा शब्द आहे. पुढे लोकांना वाटले की यात ‘युस्तुस’ म्हणजे न्याय्य, रास्त हा शब्द असावा. तो गैरसमज होता. म्हणजे ॲडजस्ट करण्यात न्याय आहे ही समजूत युरोपातच चुकीची ठरली होती. त्यात मुळात होती ती फक्त जवळीक. तीनजणांच्या बाकड्यावर चौथ्याला घेऊन ज्याने अहमदपूर गाठले आहे, त्याला हे सांगायला लॅटिनच्या पंडिताची गरज नाही.

३. आगमनकाळ व उच्चार

पुण्या-मुंबईला इंग्रजी शब्द कचेरीतून आले, कारकुनाच्या डोक्यावरच्या पगडीखालून घरी शिरले. आमची गोष्ट निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात. कचेरी उर्दूत, न्यायालय उर्दूत; हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूत. त्या काळी अडलेले काम पुढे नेण्याला ‘इंतजाम’, ‘बंदोबस्त’, ‘तजवीज’ असे भारदस्त शब्द होते. राज्य गेले, शब्दांतली ऐटही गेली. बंदोबस्त पोलिसांकडे राहिला, इंतजाम कव्वालीच्या कार्यक्रमापुरता उरला, आणि मोकळ्या पडलेल्या जागेत ‘मॅनेज’ येऊन बसला. त्याच्या शेजारी जरा सरकून ‘ॲडजस्ट’.

उच्चाराविषयी मतभेद आहेत. लातूरच्या शिकवणीच्या वर्गात ‘ॲडजस्ट’ ऐकू येते, चाकुरात ‘अडजस’, आणि लोह्याच्या पुढे ‘अर्जेस्ट’ही कानी पडल्याची नोंद आहे. ‘म्यानेज’ मात्र सर्वत्र एकसारखा. यावरून असे अनुमान निघते की जो शब्द गरीब-श्रीमंत सगळ्यांना वापरावा लागतो तो झिजतो, आणि जो ठरावीक लोकच वापरतात तो शाबूत राहतो. ‘ॲ’ हा स्वर तर मराठी वर्णमालेत मुळी नव्हताच. २००९ साली शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली. अ आणि आ यांनी सरकून घेतले म्हणूनच ‘ॲडजस्ट’ रीतसर लिहिता येऊ लागले. असे भाग्य फार थोड्या क्रियापदांना लाभते.

४. व्याकरण

मराठीत आलेले इंग्रजी क्रियापद एकटे चालत नाही; त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’चा खांदा लागतो. ‘ॲडजस्ट करणे, ॲडजस्ट होणे, मॅनेज करणे, मॅनेज होणे’ अशी चार रूपे झाली. त्यांचा चौकोन नीट पाहिला तर एक विलक्षण गोष्ट दिसते.

‘ॲडजस्ट’ प्रामुख्याने आज्ञार्थात आणि प्रथमपुरुषात येतो : ‘ॲडजस्ट करा की’, ‘आम्ही ॲडजस्ट करायलोत’. ‘मॅनेज’ प्रामुख्याने भूतकाळात आणि तृतीयपुरुषात : ‘तो मॅनेज झाला’, ‘त्यांनी मॅनेज केलं’. ‘मी मॅनेज झालो’ असे प्रथमपुरुषी वाक्य संपूर्ण प्रांतात सापडले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ते शुद्ध आहे. उच्चारणारा माणूस तेवढा मिळत नाही.

आता कर्ता-कर्माकडे वळू. ‘ॲडजस्ट करा’ या वाक्यात काय ॲडजस्ट करायचे ते कधीच सांगितलेले नसते. पाय, पोट, पगार, की आयुष्य? कर्म गायब. उलट ‘मॅनेज झाला’ या वाक्यात कुणी मॅनेज केले ते नसते. विचारले तर उत्तर येते, ‘झाला म्हणजे झाला. तुम्हाला काय करायचंय?’ कर्ता गायब. म्हणून आम्ही पुढील सूत्र मांडतो :

‘ॲडजस्टे कर्मलोपः। मॅनेजे कर्तृलोपः॥’

वृत्ती : ॲडजस्टमध्ये काय गमवायचे ते कळत नाही, मॅनेजमध्ये कुणी कमावले ते कळत नाही. आणि दुसरे सूत्र :

‘स्वाङ्गसङ्कोचे ॲडजस्टः। पराङ्गसङ्कोचे मॅनेजः॥’

वृत्ती : स्वतःचे अंग चोरायचे असेल तेव्हा ॲडजस्ट, दुसऱ्याचे अंग आखडायचे असेल तेव्हा मॅनेज. या एका सूत्रात सगळा ग्रंथ आला. पुढचे सगळे भाष्य आहे. घाईत असलेल्या वाचकाने इथूनच उतरून गेले तरी चालेल.

लिंगविचारही थोडा करू. ‘ॲडजस्टमेंट’ सर्वत्र स्त्रीलिंगी : केली, करावी लागली, नेहमीचीच आहे. ‘मॅनेजमेंट’ हे नाम मात्र कॉलेजच्या आवारात पाऊल टाकताच माणूस बनते. ‘मॅनेजमेंटला भेटून घ्या’, ‘मॅनेजमेंट आज गावाला गेलंय’, ‘मॅनेजमेंटचा कोटा वेगळा असतो’. भाववाचक नामाने गाडीतून उतरून नमस्कार घ्यावा, असा चमत्कार जगातल्या इतर भाषांत विरळा.

५. प्रयोगक्षेत्रे

(क) एसटी. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आणि निजामाच्या बस १९३२ पासूनच धावत होत्या. म्हणजे बसमध्ये सरकून बसण्याचा आमचा अनुभव पुणेकरांहून जुना आहे, याची नोंद व्हावी. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, आणि ‘ॲडजस्ट’चा वापर कळसाला पोहोचला. एक नमुना जसाच्या तसा देतो. स्थळ लोहा बसस्थानक. तीनजणांच्या बाकड्यावर एक मावशी, तिचा नातू, एक पिशवी आणि दोन गृहस्थ.

‘मावशी, जरा ॲडजस्ट करा की. लेकरू मांडीवर घ्या.’

‘घेतलंय की मांडीवर. आता डोक्यावर घेऊ का?’

‘पिशवी खाली ठेवा मग.’

‘खाली कोंबडी हाय दुसऱ्याची. तिला म्हण ॲडजस्ट कर.’

एवढे बोलून मावशी सरकल्या. चार बोटांची जागा झाली. त्यात तो माणूस बसला, आणि पाच मिनिटांत त्याने मावशींना कोणत्या गावच्या, कुणाच्या घरच्या, असे विचारून लांबचे नाते काढले. अहमदपूरला उतरताना त्याने नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवली. लॅटिनमधला ‘जवळ’ हा अर्थ हाच. कंडक्टर मात्र कधीही ॲडजस्ट म्हणत नाही. तो ‘मागं सरका’ म्हणतो, कारण त्याच्या हाती घंटीची दोरी आहे. ज्याच्या हाती दोरी त्याला ॲडजस्टची गरज नसते.

(ख) खोली. लातूरला ‘लातूर पॅटर्न’ने नाव मिळवून दिले : बोर्डाच्या गुणवत्ता यादीत राजर्षी शाहू आणि दयानंदची पोरे झळकली आणि गावोगावचे आईबाप ट्रंका घेऊन निघाले. नांदेडही पुढे त्याच वाटेने गेले. आज दोन्ही शहरांत नीटच्या तयारीची हजारो पोरे आहेत, आणि खोलीमालकाचे ठरलेले वाक्य आहे, ‘दोघांची खोली हाय, तिघं ॲडजस्ट होतात.’ होतात कुठे? दोघे झोपतात, तिसरा अभ्यास करतो. मग पाळी बदलते. डॉक्टर होण्याआधीच रात्रपाळीची सवय लागते, हा पॅटर्नचा अघोषित विषय. याच पोरांना वर्गात ‘टाइम मॅनेज करा’ असे सांगतात. संपूर्ण प्रांतात ‘मॅनेज’चा हा एकच निर्मळ उपयोग आढळला, कारण वेळ कुणाच्या बापाचे ऐकत नाही आणि त्याला पाकीट देता येत नाही.

(ग) अडत. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन आणि तुरीचा मोठा व्यापार. येथे ‘ॲडजस्ट’ला हिशेबी अर्थ आहे. पेरणीला शेतकऱ्याने अडत्याकडून उचल घेतलेली असते. माल आला, माप झाले, पट्टी हातात पडली, की शेतकरी आकडा पाहतो आणि मान वर करतो.

‘मालक, एवढेच?’

‘उचल ॲडजस्ट केली की त्यात. हमाली, तोलाई गेली. बघा की लिहिलंय.’

लिहिलेले असते. इथे कर्मलोप नाही; कर्म खणखणीत आकड्यात दिसते. पण ध्यानात घ्या, ॲडजस्ट इथेही शेतकऱ्याच्याच बाजूचे झाले, पट्टी लिहिणाऱ्याच्या नाही. सूत्र अबाधित.

(घ) सोयरीक. ‘मुलगी ॲडजस्ट होईल का?’ हा प्रश्न बैठकीत पोह्यांच्या आधी येतो. घर मोठे आहे, माणसे जास्त आहेत, सासूबाईंचा स्वभाव जरा कडक आहे, गावात पाणी चार दिवसांनी येते, मुलगी ॲडजस्ट होईल ना? मुलगा ॲडजस्ट होईल का, असा प्रश्न कुणी विचारल्याचे उदाहरण मिळाले नाही. मुलाविषयी विचारतात, ‘काय करतो?’ आणि उत्तर असते, ‘मॅनेजर आहे.’ दोन कुटुंबांनी एका सतरंजीवर बसून आमची दोन्ही क्रियापदे कशी वाटून घेतली, पाहा : मुलीच्या पदरात ॲडजस्ट, मुलाच्या नावापुढे मॅनेज. या वाटणीवर या प्रबंधाचा आक्षेप आहे, आणि तो गमतीचा नाही.

(ङ) शाळा. सरकारने या दोन शब्दांची रीतसर मराठी नावे ठेवली आहेत : ॲडजस्टमेंटचे ‘समायोजन’ आणि मॅनेजमेंटचे ‘व्यवस्थापन’. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन्ही एकाच छताखाली नांदतात. पटसंख्या घटली की संचमान्यतेत गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांचे समायोजन होते. म्हणजे देगलूरच्या गुरुजींना किनवटचा रस्ता पाठ होतो. शिक्षण हक्क कायद्याने अशा प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली; तिची बैठक गुरुजीच बोलावतात, गुरुजीच इतिवृत्त लिहितात, चहाही गुरुजीच सांगतात. शासकीय मराठीत गेले तरी धातूंनी गुण सोडला नाही. समायोजन गुरुजींचे होते, व्यवस्थापनाचे कधी समायोजन होत नाही.

(च) राजकारण. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. सत्तेचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या मुलखात राजकीय क्रियापदे बारकाईने घडणारच. कुस्तीत आधीच ठरलेल्या लढतीला ‘नुरा’ म्हणत. आता फडातही आणि निवडणुकीतही ‘मॅनेज’ म्हणतात. नुरा कुस्तीत निदान दोघांच्या अंगाला माती लागायची.

राजकारणात ‘ॲडजस्ट’ एका वेगळ्याच रूपात भेटतो. ‘त्याला कुठंतरी ॲडजस्ट करा’, म्हणजे तिकीट कापलेल्या कार्यकर्त्याला महामंडळ, समिती, निदान बँकेचे संचालकपद. येथे कर्म दुसरा माणूस आहे, म्हणून काही विद्वान आमचे दुसरे सूत्र मोडले असा गलका करतील. मोडलेले नाही. खुर्ची देणारा स्वतः थोडा सरकलेला असतो, म्हणून तो ॲडजस्टच. यावरून तिसरे सूत्र निघते : जो मॅनेज होत नाही त्याला ॲडजस्ट करतात, आणि जो ॲडजस्ट झाला तो पुढच्या निवडणुकीत मॅनेज करायला लागतो.

दोन शहरांच्या आपसांतल्या बोलण्यातही हा नियम दिसतो. २००९ साली नवे महसूल आयुक्तालय नांदेडला करण्याचा निर्णय झाला, लातूरकर रस्त्यावर उतरले. तेव्हापासून टपरीवर आयुक्तालयाचा विषय निघाला की लातूरचा माणूस म्हणतो, ‘त्यांनी मॅनेज केलं, आपण नेहमी ॲडजस्ट करतो.’ नांदेडचा माणूस दुसऱ्या जिल्ह्याचे नाव घालून अक्षरशः तेच वाक्य म्हणतो. दोघेही चहाचे पैसे दुसऱ्याला द्यायला लावतात, तो भाग वेगळा.

(छ) पाणी आणि रेल्वे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणीपुरवठा करणारे मांजरा धरण कोरडे पडले. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावले गेले. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या महिन्यांत दोन्ही क्रियापदांची खरी परीक्षा झाली. ज्याची ओळख होती त्याने टँकर मॅनेज केला. ज्याची नव्हती त्याने दोन घागरींत आंघोळ, धुणे, भांडी आणि पाहुणा ॲडजस्ट केले. मात्र मिरजकरांनी जे केले त्याला यांपैकी कोणताही शब्द पुरत नाही. त्यांनी पाणी दिले. साधे मराठी क्रियापद, कर्ताही हजर, कर्मही हजर.

रेल्वेचे उदाहरण हलके आहे, म्हणून शेवटी घेतो. मुंबई-लातूर एक्स्प्रेस ही लातूरकरांची जिवाभावाची गाडी. २०१७ साली ती बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातुरात मोठे आंदोलन झाले. शेवटी तोड निघाली : आठवड्यातले चार दिवस गाडी लातूरपर्यंत, तीन दिवस बीदरपर्यंत. एका गाडीने दोन राज्यांसाठी आठवडा वाटून घ्यावा, यापेक्षा मोठी ॲडजस्टमेंट भारतीय रेल्वेच्या इतिहासात शोधावी लागेल. उदगीरकर खूश, लातूरकर नाराज, आणि ‘त्यांनी मॅनेज केलं’ हे वाक्य दोन्ही डब्यांत.

६. पर्याय-परीक्षा

शास्त्रात सिद्धान्त पक्का करायचा तर एका शब्दाच्या जागी दुसरा घालून पाहतात. गॅरेजमध्ये क्लच ॲडजस्ट होतो. क्लच मॅनेज होत नाही, कारण लोखंडाला घाबरवता येत नाही. साहेब मॅनेज होतो. साहेब ॲडजस्ट होत नाही, खुर्चीला हात असल्याने त्याला सरकायला जागा नसते. चष्म्याची काडी ॲडजस्ट, साक्षीदार मॅनेज. पंगतीत पाहुणे वाढले तर वरणात पाणी घालून ॲडजस्ट. आचारी रुसला तर तो मॅनेज. शंभर नमुने तपासा, परिणाम हाच येईल.

एकाच ठिकाणी दोन्ही शब्द चालतात : नवरा-बायकोच्या भांडणात. ‘मी किती ॲडजस्ट करते’ आणि ‘मी कसं मॅनेज करतो ते माझं मला माहीत’. दोन्ही बाजू आपापल्या क्रियापदावर ठाम. अशा जागी व्याकरणकाराने बोलू नये.

७. शंका आणि समाधान

शंका : मराठीत ‘जुळवून घेणे’ आणि ‘जमवणे’ असे दोन चांगले शब्द असताना हे परके शब्द हवेत कशाला?

समाधान : बसमध्ये अनोळखी माणसाला ‘जुळवून घ्या’ म्हणून पाहा, त्याला वाटेल तुम्ही त्याच्या बायकोकडून आलात. ‘सरका’ म्हटले तर तो विचारेल, ‘तुझ्या बापाची बस आहे का?’ ‘ॲडजस्ट करा’ म्हटले तर तो सरकतो. इंग्रजी शब्द कुणाच्याच घरचा नाही, म्हणून कुणाचा मान जात नाही.

शंका : मग ‘मॅनेज’ कशाला? ‘विकला गेला’, ‘फितूर झाला’ असे रोखठोक शब्द आहेत.

समाधान : ते रोखठोक आहेत हीच अडचण. फितूर म्हटले की पिढीजात वैर जडते, विकला गेला म्हटले की अब्रूनुकसानीची नोटीस येते. ‘मॅनेज झाला’ म्हटले तर ज्याच्याविषयी बोललो तोही हसून टाळी देतो. एका शब्दाने विनंतीची धार घालवली, दुसऱ्याने आरोपाची. दोन्ही शब्द इकडे रुजले ते या गुणामुळे, इंग्रजीच्या प्रेमामुळे नव्हे.

शंका : म्हणजे दोन्ही चांगलेच की?

समाधान : धार घालवलेल्या विळ्याने हात कापत नाही हे खरे, पण गवतही कापले जात नाही. ॲडजस्ट म्हणत म्हणत आपण काय सोडले ते विसरलो, मॅनेज म्हणत म्हणत कुणी घेतले ते विचारायचे राहिले.

८. निर्णय

सबब या प्रबंधाचा निर्णय असा. ॲडजस्ट आणि मॅनेज हे समानार्थी नाहीत. ते एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना बसलेले शब्द आहेत. एका टोकाला कुणीतरी मॅनेज केले की दुसऱ्या टोकाला कुणालातरी ॲडजस्ट करावे लागते. दोघांनीही ॲडजस्ट केले तर बस सुखरूप अहमदपूरला पोहोचते. दोघांनीही मॅनेज केले तर तपास समिती बसते, आणि समितीवर कुणाला ॲडजस्ट करायचे यावर बैठक होते.

वाचकाला विनंती एवढीच. पहिल्या सूत्रात जे लुप्त आहे ते विचारायची सवय लावून घ्या. कुणी ‘ॲडजस्ट करा’ म्हणाले तर सरका, माणुसकी आहे. पण ‘काय आणि कुठपर्यंत?’ एवढे विचारून घ्या. लोह्यापर्यंत असेल तर हरकत नाही, जन्मभर असेल तर उठून उभे राहा. आणि कुणी ‘मी मॅनेज करतो’ म्हणाले, तर पैसे देण्याआधी पावती मागा.